कडक पंच अकाली का तुटतो? टूल स्टीलमधले कार्बाइड, क्रायो प्रक्रिया आणि धातूचा थकवा

भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील टूलरूममध्ये वारंवार घडणारा एक प्रसंग आहे. पत्रा कापणाऱ्या डायसाठी डी-२ या जातीच्या पोलादाचा पंच, म्हणजे पत्र्यात शिरून तो कापणारा दांडा, तयार होतो, हार्डनिंग (तापवून झपाट्याने गार करून कडक करणे) करून येतो, सोबतच्या अहवालात ६० एचआरसी (रॉकवेल सी या कठिणतेच्या मापावर ६०) ही अगदी हवी तशी कठिणता नोंदवलेली असते, आणि तरीही लाखभर ठोके काढण्याच्या अपेक्षेने प्रेसवर चढवलेला तो पंच काही हजार ठोक्यांतच कोपऱ्यापासून तुटतो. धार बोथट झालेली नसते, पंच वाकलेलाही नसतो. तो नुसता तुटतो. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘पुढच्या वेळी क्रायो करून घ्या’. क्रायो, म्हणजे हार्डनिंगनंतर पोलादाला शून्याखाली शंभर-दोनशे अंशांपर्यंत गार करण्याची अतिशीत प्रक्रिया. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले जातात आणि नवा पंच कधी दुप्पट टिकतो, तर कधी पहिल्यासारखाच तुटतो.

या गोंधळाचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे, असे माझे मत आहे. हत्याराची झीज आणि हत्याराचा थकवा हे दोन वेगळे आजार आहेत, आणि आपण एकाचे औषध दुसऱ्यावर चालवू पाहतो. हे समजून घेण्यासाठी आधी पोलादाच्या पोटात डोकावावे लागेल.

धातू थकतो म्हणजे काय होते?

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तार त्याच जागी दहा-वीस वेळा पुढेमागे वाकवली की तुटते. एका वेळी लावलेला जोर तार सहज सोसते, पण त्याच जोराची पुनरावृत्ती तिला सोसवत नाही. धातूच्या आत कुठेतरी सूक्ष्म चीर पडते, प्रत्येक फेऱ्यात ती किंचित पुढे सरकते, आणि उरलेला भाग भार पेलण्यास अपुरा पडला की शेवटचा तुकडा एका क्षणात तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. रोजच्या भाराखाली व्यवस्थित चालणारा आस अचानक का मोडावा, हा प्रश्न त्यानंतर युरोपातील अभियंत्यांच्या मागे लागला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे पद्धतशीर चाचण्या करून दाखवले की धातू किती फेरे टिकेल हे मुख्यतः प्रत्येक फेऱ्यात त्यावर येणाऱ्या ताणाच्या चढउतारावर अवलंबून असते, आणि साध्या पोलादात एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी पोलाद तुटत नाही. अत्यंत कठीण पोलादाच्या बाबतीत मात्र या मर्यादेवर विसंबता येत नाही. कोटी फेऱ्यांनंतरही ते तुटू शकते, आणि अनेकदा चीर पृष्ठभागावर सुरू न होता आत, एखाद्या कणाभोवती सुरू झालेली आढळते.

पंच तर फक्त दाबला जातो, मग त्याला थकवा कशाने येईल, अशी शंका येथे येऊ शकते. पंच पत्र्यात शिरताना दाबला जातो हे खरे आहे, पण बाहेर येताना पत्रा त्याला घट्ट धरून ठेवतो, म्हणून प्रत्येक परतीच्या वेळी पंच ओढलाही जातो. त्यात पंच आणि डाय एका रेषेत नसतील तर तो वाकतोही. दाब आणि ओढ यांची ही आलटापालट प्रत्येक ठोक्याला एकदा होते.

पोलादातले खडे

टूल स्टील म्हणजे हत्यारे आणि डाय बनवण्याचे पोलाद. डी-२ मध्ये सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते, शिवाय थोडे मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. एवढा कार्बन लोखंडात विरघळून राहू शकत नाही. तो क्रोमियमशी आणि थोड्या लोखंडाशी संयोग पावून वेगळे कण तयार करतो. हेच कार्बाइड. डी-२ च्या आकारमानाचा साधारण १० ते १५ टक्के भाग या कणांनी व्यापलेला असतो, आणि त्यांच्याभोवतीचे पोलाद हे काँक्रीटमध्ये खडी धरून ठेवणाऱ्या सिमेंटसारखे काम करते. हार्डन केलेल्या या आधारद्रव्याची कठिणता व्हिकर्स या कठिणतेच्या दुसऱ्या मापावर सुमारे ७०० असते, तर क्रोमियम कार्बाइडची त्याच्या दुपटीहून जास्त. पत्रा पंचाला घासत जातो तेव्हा त्या घासण्याला तोंड देतात ते हे कण, म्हणूनच डी-२ ची धार ओएचएनएस या तेलात गार करून कडक होणाऱ्या साध्या टूल स्टीलपेक्षा जास्त टिकते. झिजेच्या दृष्टीने कार्बाइड हे वरदानच आहे.

प्रश्न आहे तो त्यांच्या आकाराचा आणि मांडणीचा. घरी कढवलेले तूप हळूहळू निवू दिले तर छान रवाळ होते, आणि पटकन गार केले तर रवा बारीक राहतो. पोलादाच्या रसाचेही तसेच आहे. मोठ्या साच्यात ओतलेला रस आतून फार सावकाश गोठतो, आणि त्या वेळी कार्बाइडचे जाडजाड पुंजके तयार होतात. नंतर तो ठोकळा तापवून ठोकला, लाटला की पुंजके फुटतात आणि लाटण्याच्या दिशेने ओळींमध्ये पसरतात. जाड सळईच्या गाभ्यात ही फोड कमी होते, त्यामुळे तेथे दहा-वीस मायक्रॉनचे, कधी त्याहूनही मोठे कण, आणि मुख्य म्हणजे एकमेकांना चिकटून बसलेले कणांचे पट्टे शिल्लक राहतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले तर या कणांचा अंदाज येईल.

भातात एकच खडा पुरतो

जेवताना दाताखाली खडा आला तर भातात सरासरी किती खडे होते या हिशेबाला काही अर्थ उरत नाही. दात दुखावतो तो त्या एका खड्यामुळे. थकव्याचे गणित नेमके असेच आहे, आणि झिजेचे तसे नाही. झीज ही सरासरीची गोष्ट आहे: पृष्ठभागावर कार्बाइड किती आहेत, किती कठीण आहेत, किती दाट पसरले आहेत, यावर ती ठरते. थकव्याची चीर मात्र ताणाखाली असलेल्या भागातील सर्वांत मोठ्या, सर्वांत वाईट जागी बसलेल्या एका दोषापासून सुरू होते. कार्बाइड अतिशय ताठ असतो. भोवतालचे पोलाद ताणले गेले तरी तो तेवढा ताणला जात नाही. त्यामुळे कण स्वतः तरी फुटतो किंवा पोलादापासून त्याची पकड तरी सुटते, आणि दोन्ही वेळा त्या जागी एक सूक्ष्म चीर आयती तयार होते.

या विषयात जपानच्या क्यूशू विद्यापीठातील युकिताका मुराकामी यांनी दिलेले सूत्र फार उपयोगी आहे. ताणाच्या आडव्या दिशेने पाहिल्यावर दोष जेवढे क्षेत्रफळ व्यापतो, त्याचे वर्गमूळ म्हणजे दोषाचा आकार मानायचा. थकव्याची मर्यादा व्हिकर्स कठिणतेत १२० मिळवून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात वाढते आणि दोषाच्या आकाराच्या सहाव्या मुळाच्या प्रमाणात घटते. सहावे मूळ ऐकून घाबरण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. सर्वांत मोठा कण २० मायक्रॉनचा होता, तो २.५ मायक्रॉनवर आणला, म्हणजे आकार आठपट कमी केला, तर थकव्याची मर्यादा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते. आता कठिणता वाढवून पाहू. ६० एचआरसीवरून ६१ वर गेल्यास व्हिकर्स कठिणता साधारण ६९७ वरून ७२० होते, आणि याच सूत्राने मर्यादा जेमतेम ३ टक्के वाढते. सूत्र मुळात पोलादातील बारीक दोषांसाठी मांडलेले आहे आणि डी-२ सारख्या कणांनी भरलेल्या पोलादात ते ढोबळ अंदाजच देते, तरीही तुलना पुरेशी बोलकी आहे.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. चार-पाच लहान कार्बाइड एकमेकांना खेटून बसलेले असतील तर थकव्याच्या दृष्टीने तो एकच मोठा कण असतो. म्हणूनच सळईतील पट्ट्यांची दिशा महत्त्वाची ठरते. पंचाचा अक्ष लाटण्याच्या दिशेला समांतर ठेवला तर ओढीच्या ताणाला कणांच्या ओळींचे फक्त टोक दिसते. पंच आडवा कापून काढला तर ओळीची पूर्ण लांबी ताणासमोर उभी राहते. उरलेल्या तुकड्यातून ‘बसतो आहे ना’ म्हणून आडवा कापलेला पंच आणि सळईच्या दिशेने काढलेला पंच यांचा कठिणतेचा अहवाल सारखाच येईल, पण आयुष्य सारखे असणार नाही.

अतिशीत प्रक्रियेत नेमके काय होते?

हिवाळ्यात पुण्यात खोबरेल तेलाची बाटली अर्धवट गोठते. तीच बाटली फ्रिजमध्ये ठेवली की उरलेले तेलही गोठते. बाहेर कितीही तास थांबले तरी तेवढी थंडी नसल्यामुळे ते गोठले नसते. पोलादाचे हार्डनिंग काहीसे असेच चालते. डी-२ साधारण १,०२० अंश सेल्सियसला तापवल्यावर त्यातील लोखंडाची रचना ऑस्टेनाइट या तुलनेने मऊ रूपात असते. ते झपाट्याने गार केले की तिचे मार्टेन्साइट या कठीण रूपात परिवर्तन होते, आणि हे परिवर्तन किती व्हावे हे मुख्यतः तापमान किती खाली गेले यावर ठरते. डी-२ सारख्या पोलादात ते खोलीच्या तापमानाला पूर्ण होतच नाही. न बदलता उरलेला भाग म्हणजे शेष ऑस्टेनाइट. साधारण हार्डनिंगमध्ये तो १० ते २० टक्के सहज असतो, आणि भट्टीचे तापमान चढे ठेवले तर आणखी वाढतो, कारण जास्त कार्बाइड विरघळून आधारद्रव्यात जास्त कार्बन येतो. खोबरेल तेलाशी साम्य एवढ्यापुरतेच घ्यावे. तेल पुन्हा वितळते, पण एकदा तयार झालेले मार्टेन्साइट खोलीत आणल्यावर उलटत नाही.

घन कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने उणे ७८ अंशांपर्यंत गार केले तरी शेष ऑस्टेनाइटचा बराच भाग बदलतो. द्रव नायट्रोजन वापरला तर उणे १९६ अंशांपर्यंत जाता येते, आणि तेथे जॉब, म्हणजे प्रक्रियेला आलेला नग, चोवीस-छत्तीस तास ठेवण्याची पद्धत आहे. एवढा वेळ कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे, कारण ऑस्टेनाइट बदलायला तासन्‌तास लागत नाहीत. याचे एक उत्तर १९९४ मध्ये जपानमधील संशोधकांनी मांडले: अतिशीत अवस्थेतून गेलेल्या मार्टेन्साइटमध्ये नंतरच्या टेम्परिंगच्या (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा माफक तापवण्याच्या) वेळी अतिसूक्ष्म कार्बाइड अधिक दाट आणि एकसारखे निर्माण होतात. आपल्याकडे शिबपूर आणि खरगपूर येथे डी-२ वर, चेन्नईत अण्णा विद्यापीठात निरनिराळ्या टूल स्टील्सवर आणि पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत डी-३ या टूल स्टीलवर काम झाले आहे, आणि त्यातील बराच भर झिजेवर आहे. अतिशीत प्रक्रियेने झीज कमी होते, याला आज चांगला आधार आहे. सूक्ष्म कणांच्या कारणमीमांसेवर मात्र अजून चर्चा चालू आहे.

आता कळीचा मुद्दा. हे नवे कण मायक्रॉनच्याही अंशाइतके लहान असतात. रस गोठताना तयार झालेले मोठे कार्बाइड त्यांच्या जागी, त्यांच्या आकारात तसेच राहतात. कण विरघळायचा किंवा बदलायचा तर कार्बन आणि क्रोमियमच्या अणूंना सरकावे लागते, त्यासाठी उष्णता लागते, आणि उणे १९६ अंशांवर ती नसते. भातात मसाला बारीक मिसळला गेला, पण खडा तेथेच राहिला.

मग थकव्याला काहीच फायदा नाही का?

असे म्हणणेही चुकीचे ठरेल. शेष ऑस्टेनाइट कमी झाल्याने कठिणता किंचित वाढते आणि तेवढ्या प्रमाणात थकव्याची मर्यादाही वाढू शकते. पंच वापरात असताना ऑस्टेनाइट बदलला तर त्या जागचे आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी फुगते. अचूक मापाच्या डाय आणि गेजमध्ये हे फुगणे परवडत नाही, आणि त्यांच्यासाठी शीत प्रक्रिया मला आवश्यकच वाटते.

पण नाण्याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. शेष ऑस्टेनाइट मऊ असल्यामुळे चिरेचे टोक त्यात शिरले की ते काहीसे बोथट होते, आणि त्या जागी ताणाने ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट झाले तर फुगणारे आकारमान चिरेला आवळून धरते. हा आडोसा काढून टाकल्यावर चीर अधिक मोकळी होऊ शकते. शिवाय थंडीत नव्याने तयार झालेले मार्टेन्साइट काचेसारखे ठिसूळ असते. त्याला टेम्परिंग मिळाले नाही तर फायद्याऐवजी तोटा होतो. म्हणूनच थकव्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष झिजेइतके एकमुखी नाहीत: पोलाद कोणते, प्रक्रिया टेम्परिंगच्या आधी केली की नंतर, भार कसा दिला, यानुसार ते बदलतात. डी-२ ला ५०० अंशांच्या आसपास दोन-तीनदा टेम्परिंग केले तरी शेष ऑस्टेनाइट बराच कमी होतो, आणि पुष्कळ पंचांसाठी तेवढेच पुरेसे असते.

धोका आणखी एक आहे. हार्डनिंगनंतर लगेच तीक्ष्ण कोपऱ्यांचा जड जॉब द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला तर बाहेरचा आणि आतला भाग वेगवेगळ्या वेळी आकसतो आणि फुगतो, आणि जॉबला तेथेच तडा जाऊ शकतो. त्यामुळे तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनीच खाली आणणे, आणि धोक्याच्या जॉबला आधी सुमारे १५० अंशांचे हलके टेम्परिंग देणे, ही काळजी घेतली जाते. अशा टेम्परिंगने थोडा ऑस्टेनाइट स्थिर होऊन बदलायचा राहतो, हे मान्य करूनच.

‘आमचा पंच क्रायोनंतर दुप्पट टिकला’

हा अनुभव खोटा नसतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा असू शकतो. थकव्यात ताणातला लहानसा फरक आयुष्यात कैकपट दिसतो. ३ टक्के कमी ताणाने आयुष्य एक तृतीयांशाने वाढणे अशक्य नाही. त्यामुळे एकाच सळईतून, एकाच भट्टीतून आलेले दोन पंचही सहज दुपटीच्या फरकाने तुटतात. एकाच्या कोपऱ्यात कार्बाइडचा मोठा पुंजका आला, दुसऱ्याच्या आला नाही, एवढेच कारण असू शकते. एक जुना आणि एक नवा पंच यांची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही.

कधी आधीचे हार्डनिंगच बिघडलेले असते. भट्टी जास्त तापली, शेष ऑस्टेनाइट खूप राहिला, धार दबू लागली, आणि क्रायोने ती चूक दुरुस्त झाली. येथे फायदा खरा आहे, पण तो चुकीच्या दुरुस्तीचा आहे. आणि पंच मुळात झिजून निकामी होत असेल तर क्रायोने आयुष्य वाढणे अपेक्षितच आहे. तुटणाऱ्या पंचाबद्दल त्यावरून काही म्हणता येत नाही.

खडा लहान करण्याचा मार्ग

कार्बाइडचा आकार हार्डनिंगच्या वेळी नव्हे, पोलाद गोठताना ठरतो. म्हणून उपायही तेथेच आहे. १९७० च्या सुमारास स्वीडन आणि अमेरिकेत पावडर पद्धत व्यवहारात आली. पोलादाच्या रसाची धार नायट्रोजनच्या झोताने फोडून तिचे बारीक थेंब केले जातात. प्रत्येक थेंब क्षणार्धात गोठत असल्याने त्यातील कार्बाइड एक ते तीन मायक्रॉनच्या पुढे वाढत नाहीत. ही पूड पोलादी डब्यात भरून, प्रचंड तापमानाला आणि चहूबाजूंनी दाब देऊन एकसंध ठोकळा बनवतात. कार्बाइड तेवढेच किंवा त्याहून जास्त, पण सगळे बारीक आणि विखुरलेले. झीज आणि थकवा यांचे भांडण बऱ्याच अंशी मिटवणारा हा मार्ग आहे.

येथेही निसर्ग एक गंमत करतो. कार्बाइड लहान झाले की सर्वांत मोठा खडा कोणता, याचे उत्तर बदलते: आता तो मान ऑक्साइडसारख्या अधातू अशुद्धीच्या एखाद्या कणाकडे जातो. म्हणून अशा पोलादात रसाची स्वच्छता हाच थकव्याचा निर्णायक घटक बनतो. किंमत डी-२ च्या कैकपट असल्यामुळे प्रत्येक पंच पावडर पोलादाचा करा, असे मी म्हणणार नाही. बारीक, लांब, वारंवार तुटणाऱ्या आणि तुटल्यावर पूर्ण प्रेस थांबवणाऱ्या पंचासाठी मात्र तो हिशेब जरूर करून पाहावा.

पृष्ठभागावरचा खडा आपणच घालतो

पोलादाला दोष देण्याआधी वायरकटकडे, म्हणजे बारीक तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून पंच कापण्याच्या पद्धतीकडे, पाहायला हवे. ठिणगीने कापताना पंचाचा पृष्ठभाग क्षणभर वितळतो आणि लगेच पुन्हा गोठतो. काही मायक्रॉन जाडीचा हा थर टेम्पर न झालेला, ठिसूळ आणि सूक्ष्म चिरांनी भरलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो पांढरा दिसतो. एकाच जोरदार कटात काम उरकले तर हा थर आणखी जाड होतो. पंचाच्या कोपऱ्यात, म्हणजे जेथे ताण सर्वाधिक असतो तेथेच, कोणत्याही कार्बाइडपेक्षा मोठी चीर आपण स्वतः पेरलेली असते. हलके स्किम कट (शेवटचे वरवरचे कट) घेणे, नंतर तो थर पॉलिश करून काढणे, पंचाच्या अक्षाच्या दिशेने शेवटची घासाई करणे आणि कोपऱ्याला शक्य तेवढी गोलाई देणे, या कामांना द्रव नायट्रोजन लागत नाही, आणि माझ्या समजुतीने बहुतेक छोट्या टूलरूमना पहिला फायदा येथेच मिळेल. ग्राइंडिंगमध्ये पृष्ठभाग जाळला तरी हेच घडते.

तुटलेला तुकडा काय सांगतो

क्रायोचा निर्णय घेण्यापूर्वी जुना पंच कशाने गेला हे ठरवायला हवे, आणि ते तुटलेल्या तोंडावर लिहिलेले असते. दहापट भिंगातून पाहिले तरी बऱ्याचदा एका जागेकडे जुळत जाणाऱ्या रेषा दिसतात. त्या जेथे मिळतात तेथे चिरेचा जन्म झालेला असतो. ती जागा पृष्ठभागावर, वायरकटच्या रेघेवर असेल तर उपाय पॉलिशिंगचा आहे. ती पृष्ठभागाच्या आत, एखाद्या ठिपक्याभोवतीच्या गोलाकार डागात असेल तर प्रश्न पोलादातील कणाचा आहे. तोंडाजवळची धार आधीच बोथट आणि गोलसर झालेली असेल तर पंच आधी झिजला, मग त्यावरचा जोर वाढला आणि तो तुटला. अशा वेळी क्रायो खरोखर कामी येऊ शकेल.

हे वाचता यावे म्हणून एक पथ्य पाळावे लागते. पंच तुटल्यावर दोन्ही तुकडे हातात घेऊन ते एकमेकांवर जुळवून पाहण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो, आणि तसे केल्याने त्या नाजूक खुणा घासून पुसल्या जातात. तुकडे न जुळवता, तोंडाला बोट न लावता, हलके तेल लावून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत आणि त्यावर ठोक्यांची संख्या लिहावी.